सरकार जमीनदार, शेतकरी कूळ : चिनाब वसाहतीचे प्रकरण

1892 साली पंजाब सरकारने रावी आणि चिनाब या नद्यांमधल्या माळरानावर शेतकरी आणून बसवायला सुरुवात केली. हीच चिनाब वसाहत. त्यांना जमीन दिली, कालव्याचे पाणी दिले, आखून दिलेली गावे दिली. मालकी तेवढी दिली नाही. साध्या शेतकऱ्याला ही जमीन विकलेली नव्हती आणि इनामही दिलेली नव्हती. तो सरकारचे कूळ होता. त्याने कुठे राहायचे, घर कसे बांधायचे, झाडे लावायची की नाही, त्याच्यामागे जमीन कोणाकडे जायची, हे सगळे जमीनदार ठरवणार होता आणि जमीनदार होते खुद्द सरकार. पंधरा वर्षांत याच अटींवरून पंजाब पेटला. लाला लजपतराय मंडालेला गेले, आणि प्रांताच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक व्हाइसरॉयला नामंजूर करावे लागले.

महाराष्ट्रात 1907 चे पंजाब म्हटले की लजपतरायांची हद्दपारी आठवते, फार तर सरदार अजितसिंगांचे नाव निघते. त्या उठावाखालची जमीन, तिचे कागद, त्या कागदांवरच्या अटी यांची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. मला ती करावीशी वाटते. सरकार कल्याणाची भाषा बोलत जमीनदार झाले की काय होते, हे या प्रकरणात अगदी उघड दिसते. या गोष्टीत आणखी एक पक्ष होता, ज्याच्यासाठी कोणी सभा घेतली नाही. सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागेल.

बार कोणाचा होता

पंजाबात दोन नद्यांमधल्या पट्ट्याला दुआब म्हणतात आणि दुआबाच्या मधोमध असलेल्या उंच, कोरड्या भागाला बार. नदीकाठी विहिरी होत्या, पुराचे पाणी होते, गावे होती. बारमध्ये पाऊस अगदी तुटपुंजा आणि पाणी खूप खोल. रावी-चिनाबच्या मधल्या रचना दुआबातला सांदल बार असाच होता. करीर, जंड, पिलू अशा काटेरी झुडपांचे रान आणि पाऊस पडला की गुडघाभर गवत. 1891 च्या जनगणनेत इथे दर चौरस मैलाला 7 माणसे होती.

पण 7 माणसे म्हणजे रिकामे रान नव्हे. खरल, सियाल, वट्टू आणि त्यांच्यासारख्या कितीतरी टोळ्या इथे पिढ्यान्‌पिढ्या उंट, म्हशी, गाई चारत फिरत होत्या. कोणत्या मोसमात कोणत्या टोळीने कुठल्या बाजूला जनावरे न्यायची, याचे त्यांचे आपसातले हिशेब होते. इंग्रज अधिकारी त्यांना सरसकट 'जांगली' म्हणत. हेच लोक 1857 साली अहमदखान खरलच्या मागे उभे राहिले होते. गुगेऱ्याच्या परिसरातले ते बंड मोडायला सरकारला बरीच शिकस्त करावी लागली आणि अहमदखान त्यात मारला गेला.

त्याआधीच, 1849 मध्ये पंजाब खालसा झाल्यावर, महसूल खात्याने सरळ हिशेब मांडला होता. ज्या जमिनीवर नांगर चालतो ती कोणाच्या तरी मालकीची; ज्या जमिनीवर तो चालत नाही ती पडीक, आणि पडीक जमीन सरकारची. जांगली लोक जनावरांमागे तिरनी नावाचा चराईकर भरत होते. त्यांच्या दृष्टीने कर भरणे म्हणजे वहिवाट सिद्ध होणे. सरकारच्या दृष्टीने तीच पावती जमीन दुसऱ्याची असल्याची कबुली ठरली. पुढे वसाहतीत जमिनीचा जो प्रत्येक तुकडा वाटला गेला तो या निर्णयावर उभा होता. 1907 साली सरकार आणि शेतकरी हमरीतुमरीवर आले, तेव्हाही दोघांनी या एका मुद्द्याला हात लावला नाही.

खानकीचा बंधारा

चिनाबवर खानकी इथून काढलेला कालवा 1887 मध्ये सुरू झाला तेव्हा तो फक्त पुराचा कालवा होता. नदी चढली की पाणी, उतरली की कोरडा. 1892 मध्ये नदीत पक्का बंधारा झाला आणि कालवा बारमाही झाला. सुमारे 11 हजार क्युसेक पाणी वाहून नेणारा हा लोअर चिनाब कालवा त्या काळी जगातल्या मोठ्या सिंचन कामांत गणला जाई. त्याच्या रख, झंग आणि गुगेरा अशा शाखा निघाल्या. आजही तिथल्या गावांच्या नावापुढे आर.बी., जे.बी., जी.बी. अशी अक्षरे लागतात ती या शाखांचीच.

त्याआधी मुलतानकडे सिधनाईला आणि सतलजकाठी सोहाग-पारा इथे लहान वसाहती करून झाल्या होत्या. चिनाब वसाहतीचा पसारा मात्र वेगळाच होता. सुमारे 18 लाख एकर जमीन सरकारने इथे वाटली. ही वाटणी सुरुवातीला कॅप्टन पॉपहॅम यंग या अधिकाऱ्याच्या हाती होती. मधोमध घड्याळाचा मनोरा आणि त्याच्यापासून फुटणारे आठ बाजार अशी लायलपूरची आखणी त्याच्याच नावावर आहे. लायलपूर म्हणजे आजचे फैसलाबाद. शहराला नाव मिळाले ते 1887 ते 1892 या काळात पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या जेम्स लायल यांचे.

सरकारचे हेतू कागदावर स्पष्ट होते. मध्य पंजाबातल्या दाट वस्तीच्या जिल्ह्यांवरचा भार हलका करायचा, उत्तम शेती करणारे लोक नव्या जमिनीवर बसवायचे, आणि पंजाबने कधी पाहिली नव्हती अशी नीटनेटकी, सुखवस्तू गावे उभी करायची. महसूल आणि पाणीपट्टी वाढेल हा हिशेब त्यात होताच, आणि तो भरपूर फळला. पुढे या कालव्याचा भांडवलावरचा वार्षिक नफा 20 टक्क्यांच्याही वर गेला. ब्रिटिश हिंदुस्थानात इतका पैसा मिळवून देणारी सिंचन योजना दुसरी क्वचितच असेल.

जमीन कोणाला, कशी

जमीन घेणाऱ्यांचे तीन वर्ग केले होते. पहिला आबादकार, म्हणजे स्वतः राबणारा शेतकरी. त्याला साधारण अर्ध्या मुरब्ब्यापासून दोन-तीन मुरब्ब्यांपर्यंत जमीन मिळे. चिनाब वसाहतीतला मुरब्बा म्हणजे 1100 फूट लांब आणि तितकाच रुंद चौकोन, जवळजवळ 28 एकरांचा. त्याचे 25 किल्ले, म्हणजे सारखे तुकडे, पाडलेले असत. दुसरा वर्ग सफेदपोश : गावातली बऱ्यापैकी वजनदार माणसे, यांना चार-पाच मुरब्बे. तिसरा रईस. त्यांच्या वाट्याला सहापासून वीस मुरब्ब्यांपर्यंत जमीन जाई. बहुतेक जमीन आबादकारांना मिळाली हे खरे आहे, आणि त्याचे श्रेय सरकारला द्यायला हरकत नाही.

मात्र अटींमध्ये भेद होता, आणि पुढच्या तंट्याचे बी तिथे पडले. सफेदपोश आणि रईस यांना नजराणा भरावा लागे, पण पाच वर्षांनी ठरावीक किंमत देऊन ते मालक होऊ शकत. आबादकाराला ती वाट बंद. पाच वर्षे नीट शेती केली तर त्याला कायम कुळाचा हक्क मिळे. ती जमीन वारसाने जाई, पण विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे. वर जमीनदाराचा मान म्हणून सरकार मालिकानाही घेई. म्हणजे ज्याने जमीन स्वतः कसायची तो कूळ, आणि ज्याने दुसऱ्याकडून कसून घ्यायची तो मालक. सरकारने यामागे दिलेले कारण असे, की मालकी हाती आली की साधा शेतकरी कर्ज काढतो आणि जमीन सावकाराच्या घशात जाते.

हे कारण खोटे नव्हते. सावकारी पाशाचा अनुभव महाराष्ट्राने 1875 च्या दख्खनच्या दंग्यात घेतला होता आणि पंजाबातही तीच भीती होती. 1900 साली तिथे जमीन हस्तांतरणाचा कायदा आला तो त्यापोटीच. पण उपाय म्हणून शेतकऱ्याला मालकीच नाकारायची, आणि ती नाकारताना श्रीमंताला खुली ठेवायची, यात मला संरक्षणापेक्षा अविश्वास जास्त दिसतो. आणि गंमतीची नव्हे तर खेदाची बाब अशी, की सफेदपोशांनी सरकारची निराशाच केली. त्यांच्यातले कितीतरी जण वसाहतीत राहायलाच आले नाहीत. ज्यांना कूळ म्हणून ठेवले त्या आबादकारांनी मात्र रान फोडले.

निवड मोठ्या बारकाईने होई. अमृतसर, जालंधर, होशियारपूर, गुरदासपूर, लुधियाना, अंबाला, सियालकोट अशा जिल्ह्यांतून माणसे घेतली. महसुली दप्तर पाहून कमी जमीन आणि जास्त तोंडे असलेली कुटुंबे काढायची आणि त्यांतले अंगाने धट्टेकट्टे निवडायचे. शीख जाट सर्वांत पुढे, मग अराईं, सैनी, कंबोह, मुसलमान जाट. एका गावात शक्यतो एकाच जिल्ह्यातले, एकाच जातीचे लोक बसवायचे. लोहार, सुतार, चांभार, झाडूवाले यांना गावाच्या कडेला घरापुरती जागा मिळे, शेतजमीन नाही. जमीन फक्त शेती करणाऱ्या जातींना, हा दंडक होता. घामाने रान मोकळे करणाऱ्यांत हे मजूरही होते, पण वाटपाच्या यादीत त्यांना जागा नव्हती.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. रेल्वे नव्हती, घरे नव्हती, वाटेत पाणी नव्हते. जांगली लोक रात्री बैल पळवून नेत. आपल्या चराईत कोणी येऊन खुंट्या ठोकतो म्हटल्यावर ते दुसरे काय करणार होते? 1896 च्या सुमारास वझिराबादहून लायलपूरला रेल्वे आली आणि चित्र पालटले. 1901 च्या जनगणनेत वसाहतीची वस्ती आठ लाखांच्या जवळ पोहोचली आणि घनता चौरस मैलाला 187 झाली. गहू, कापूस, तेलबिया मंडीत येऊ लागल्या आणि तिथून कराचीला जाऊ लागल्या. जांगलींपैकी पुष्कळांनाही नंतर मुरब्बे मिळाले, पण आपली जनावरे मोडून, जागच्या जागी राहून शेती करू या अटीवर. ज्यांना मिळाले नाहीत ते नव्या शेतकऱ्यांच्या शेतावर मजूर झाले.

गावांना सरकारने नावे दिली नव्हती, चक क्रमांक दिले होते. माणसांनी आपली नावे बरोबर आणली. जालंधर जिल्ह्यातल्या खटकड कलाँचे अर्जनसिंग यांना गुगेरा शाखेवरच्या चक क्रमांक 105 मध्ये जमीन मिळाली. त्या चकला लोक बंगा म्हणत, जालंधरकडच्या बंग्यावरून. अर्जनसिंगांचे मुलगे किशनसिंग, अजितसिंग आणि स्वर्णसिंग. किशनसिंगांचा मुलगा भगतसिंग सप्टेंबर 1907 मध्ये याच चकमध्ये जन्मला. खेडच्या राजगुरूंबरोबर फासावर गेलेला तो भगतसिंग सरकारी कुळाच्या घरातला होता.

अटी आणि दंड

वसाहतीचा कायदा 1893 चा. त्याखाली सरकार अटींचा नमुना ठरवी आणि जमीन घेणारा त्या मान्य करी. गावातच कायम राहायचे. ठरल्या जागी घर बांधायचे. अंगण आणि गल्ली स्वच्छ ठेवायची, जनावरांची घाण ठरल्या ठिकाणी टाकायची. झाडे लावायची. काही जमिनी उंट पाळण्याच्या अटीवर दिल्या होत्या, म्हणजे लष्कराला गरज पडली की कुळाने उंट हजर करायचा. शेजारच्या झेलम वसाहतीत 1902 नंतर हेच घोड्यांच्या बाबतीत झाले आणि तिथे घोडीची जमीन मोठ्या मुलालाच जायची असा नियम लावला गेला.

यातली एकेक अट स्वतंत्रपणे पाहिली तर वावगी वाटत नाही. स्वच्छ गल्लीला कोण नाही म्हणेल? अडचण अंमलात होती. गावात राहण्याची अट घ्या. जालंधरच्या कुटुंबाने घरची तीन एकर सोडलेली नसे. एक भाऊ तिकडे, एक इकडे. पेरणीला इकडचा तिकडे, लग्नसराईत सगळेच तिकडे. शेतकऱ्याच्या नजरेने ही घराची सोय, सरकारी नजरेने अटीचा भंग. आणि अटीचा भंग झाला तर कायद्याने एकच मोठी शिक्षा होती : जमीन काढून घेणे. अंगणात शेण साचले म्हणून 28 एकर काढून घेणार कोण? म्हणून अधिकाऱ्यांनी दंडाची पद्धत पाडली, जिला कायद्याचा भक्कम आधारच नव्हता.

दंड ठरवायचा तर कोणीतरी पाहणी करायला हवी. ती पाहणी करायला कलेक्टर येत नाही. पटवारी येतो, कालव्याचा झिलेदार येतो, वसाहत खात्याचा खालचा कर्मचारी येतो. कुणाचे घर नियमात बसते, कुणाचे झाड वाळले, कोण गावाबाहेर होता, हे त्याच्या वहीत काय उतरते त्यावर ठरणार. वहीत काही उतरू नये यासाठी काय करावे लागते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शिवाय पाणीही त्याच हातांत. मोग्यातून, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याच्या वाटेतून, शेतात किती पाणी येणार आणि कोणत्या पिकाची किती पट्टी लागणार, ते पुन्हा नोंदीवरच. घरावर, पाण्यावर आणि वारसावर एकाच खात्याचा ताबा असेल, तर खालच्या माणसाच्या हाती किती सत्ता एकवटते, याचा हा नमुना आहे.

लोक न्यायालयात जाऊ लागले आणि दंड कायद्यात बसतो का, हा प्रश्न उभा राहिला. सरकारपुढे दोन वाटा होत्या. अटी सोप्या करायच्या, की न्यायालयाची वाट बंद करायची. सरकारने दुसरी वाट धरली.

1906 चे विधेयक

ऑक्टोबर 1906 मध्ये पंजाबच्या विधिमंडळात वसाहत विधेयक आले. त्यात दंडाला कायदेशीर रूप दिले होते. वसाहत अधिकाऱ्यांच्या आदेशांविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागता येणार नव्हती. मृत्युपत्राने जमीन देता येणार नव्हती. जमीन तुकड्यांत वाटली जाऊ नये म्हणून वारसा एकाच मुलाकडे नेण्याची तरतूद होती. आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट, या अटी आधी जमीन घेतलेल्यांनाही मागून लागू होणार होत्या. ज्याने 1892 साली एका कागदावर अंगठा उठवला, त्याला 1907 साली दुसराच कागद लागू.

पंजाबी शेतकऱ्याच्या घरात सगळ्या मुलांचा वाटा सारखा. धाकट्यांना जमीन नाही म्हटल्यावर त्यांचे लग्न कसे होणार, ते खाणार काय? अधिकाऱ्यांना तुकडेबंदी दिसत होती, बापाला चार मुलांपैकी तीन भूमिहीन दिसत होते. मी अधिकाऱ्यांच्या चिंतेला क्षुल्लक म्हणणार नाही, तुकडे पडणे ही खरीच अडचण आहे. पण ती सोडवायला कुळाला विचारून, पुढच्या वाटपापासून नियम करता आला असता. दिलेला शब्द फिरवून नव्हे.

याच सुमाराला आपल्याकडेही असेच घडून गेले होते. 1899-1900 च्या दुष्काळानंतर मुंबई सरकारने 1901 मध्ये जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा हक्क न देता, निर्बंधांसह द्यायची अशी ती सोय होती. कारण तेच, सावकारापासून बचाव. फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून विधिमंडळातून उठून गेले. खातेदार रयत या वाटेने सरकारचे कूळ होईल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. नव्या शर्तीची जमीन हा प्रकार महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात आला तो या दुरुस्तीने. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2' असा शेरा असलेल्या शेतकऱ्याला जमीन विकताना परवानगी आणि नजराण्यासाठी कराव्या लागणाऱ्या खेपा माहीत असतात. म्हणून पंजाबच्या शेतकऱ्याचे म्हणणे आपल्याला समजायला अवघड नाही.

1907

विधेयक चर्चेत असतानाच नोव्हेंबर 1906 मध्ये बारी दुआब कालव्यावरची पाणीपट्टी वाढवली गेली. कापूस बोंडअळीने गेला होता. प्लेग गावोगाव माणसे नेत होता. 1907 या एका वर्षात पंजाबात प्लेगने सहा लाखांच्या आसपास माणसे मेली. पुण्याने 1897 साली जे भोगले त्यापेक्षा हे कितीतरी मोठे होते. अशा वेळी विधेयक मंजूर झाले.

सुरुवातीला तक्रारी अर्जांच्या रूपात होत्या, वसाहतीतल्या शेतकऱ्यांच्या सभा शांतपणे ठराव करत होत्या. त्याकडे कोणी पाहिले नाही. मार्च 1907 मध्ये लायलपूरला जनावरांचा बाजार भरला होता, तिथे मोठी सभा झाली. 'झंग सियाल' या पत्राचे संपादक बांके दयाल यांनी जाटाला पगडी सांभाळायला सांगणारे गाणे म्हटले आणि आंदोलनाला त्या गाण्याचेच नाव पडले. लजपतरायही त्या सभेत बोलले. त्यांची भाषा बेताची होती. अजितसिंगांची नव्हती. ते थेट म्हणू लागले की सारा आणि पाणीपट्टी भरूच नका. लाहोरमधल्या त्यांच्या भारतमाता सोसायटीचे लोक गावोगाव फिरू लागले.

2 मे रोजी रावळपिंडीत दंगल झाली. 1857 ला पन्नास वर्षे होत होती, आणि वसाहतीतल्या शीख कुटुंबांतली मुले मोठ्या संख्येने सैन्यात होती. सरकारला शेतकऱ्यांच्या सभांपेक्षा हे जास्त भिवविणारे होते. मार्चमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर झालेल्या डेन्झिल इबेटसन यांना हा सगळा कट वाटत होता. 9 मे रोजी 1818 च्या रेग्युलेशन 3 खाली, खटला न चालवता, लजपतरायांना उचलून मंडालेला नेले. पुढच्या महिन्यात अजितसिंगांना. महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. त्याच वर्षीच्या सुरत काँग्रेससाठी टिळकपक्षाने अध्यक्ष म्हणून लजपतरायांचे नाव पुढे केले होते, आणि 1908 मध्ये स्वतः टिळकांना त्याच मंडालेत सहा वर्षे काढायला पाठवले गेले.

लजपतरायांना उचलल्यावर तीन आठवड्यांच्या आत, 26 मे रोजी, व्हाइसरॉय मिंटो यांनी विधेयकाला संमती नाकारली. इबेटसन यांचे म्हणणे होते की आता माघार घेतली तर ती आंदोलनापुढची शरणागती ठरेल. मिंटोंनी विधेयकच सदोष ठरवले. पाणीपट्टीची वाढही थांबली. नोव्हेंबरमध्ये लजपतराय आणि अजितसिंग दोघेही सुटले. माझ्या मते मिंटोंच्या निर्णयात न्यायबुद्धीपेक्षा सैन्याची काळजी मोठी होती, पण विधेयक सदोष होते हेही तितकेच खरे. आणि ते सदोष असल्याचे शेतकरी अर्जांतून आधीपासून सांगत होते.

कूळ मालक झाले

त्यानंतर वसाहतींची चौकशी करायला समिती नेमली गेली. खालच्या नोकरशाहीने केलेली लूट, अटींचा गुंता, मालकीची मागणी हे सगळे तिच्यापुढे आले. त्यातून 1912 चा वसाहत कायदा आला आणि आबादकाराला किंमत भरून मालकी घेण्याची वाट मोकळी झाली. जी वाट रईसाला पहिल्या दिवसापासून खुली होती, ती शेतकऱ्याला वीस वर्षांनी आणि आंदोलनानंतर मिळाली. सावकार जमीन गिळेल ही भीती दाखवून मालकी अडवली होती; पण मालकी मिळाल्यावर चिनाबचे आबादकार प्रांतातले सर्वांत सुस्थितीतले शेतकरी राहिले.

सरकारने मात्र यातून आपल्या सोयीचा धडा घेतला. पुढच्या लोअर बारी दुआब आणि नीली बार या वसाहतींत जमीन वाटताना लष्करी पेन्शनर, घोडेपैदास, सरकारला मदत करणारी घराणी यांना मोठा वाटा दिला. जमीन हे निष्ठेचे बक्षीस झाले. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या शिपायांना मुरब्बे मिळाले ते याच हिशेबाने.

जांगलींना 1907 च्या लढ्याचा फायदा फारसा झाला नाही. आबादकाराचा युक्तिवाद असा होता : हे रान आम्ही फोडले, घाम आमचा, म्हणून जमीन आमची. तो न्याय्य होता. पण त्याच युक्तिवादात चराई करणाऱ्याला जागा उरत नाही, कारण त्याने नांगर धरला नव्हता. सरकारने 1849 नंतर लावलेला नियम, नांगर असेल तरच मालकी, आंदोलकांनी तसाच उचलला आणि सरकारवरच उलटवला. हत्यार म्हणून तो चालला. खरल आणि सियाल यांच्या बाजूने तो चालणारच नव्हता.

आबादकारांची मालकीही पुरती तीन-चार दशकेच टिकली. 1947 मध्ये लायलपूर पाकिस्तानात गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लायलपूरकडून निघालेला शीख शेतकऱ्यांचा पायी काफिला त्या स्थलांतरातला सर्वांत मोठा काफिला मानला जातो. त्यांतले बरेच जण ज्या जालंधर-लुधियान्याहून आजोबा निघाले होते तिथेच परतले. पाकिस्तानात सोडून आलेली जमीन जास्त आणि पूर्व पंजाबात वाटायला असलेली कमी, म्हणून पुनर्वसन खात्याने तरलोकसिंग यांच्या देखरेखीखाली प्रत्येक जमिनीचा कस पाहून 'स्टँडर्ड एकर' ठरवले आणि मोठ्या खातेदारांना जास्त, छोट्यांना कमी अशी चढती कपात लावली. अजितसिंग चार दशकांच्या परदेशवासानंतर 1947 मध्ये परतले आणि 15 ऑगस्टलाच डलहौसीत वारले.

1912 चा वसाहत कायदा पाकिस्तानी पंजाबात दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. लोअर बारी दुआबातल्या ओकारा भागात हजारो एकर जमीन लष्करी शेतीकडे आहे; महसुली दप्तरात तिचा मालक प्रांत सरकार. तिथे ज्यांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात रान साफ करायला आणले गेले ते लोक पिढ्यान्‌पिढ्या बटईने, म्हणजे पिकाचा वाटा देऊन, शेती करत होते. त्यांना 1912 नंतर आबादकारांना मिळाली तशी मालकी कधीच मिळाली नाही. 2000 साली लष्करी शेतीने बटई मोडून रोख ठेक्याचे करार पुढे केले, तेव्हा करारावर सही केली की आपण नुसते ठेकेदार ठरू आणि उद्या हाकलले जाऊ, हे त्यांनी ओळखले. अंजुमन मुझारीन पंजाब या संघटनेखाली त्यांनी सह्या नाकारल्या. घोषणा होती 'मालकी या मौत'. वेढे पडले, खटले झाले, माणसे मेली. स्त्रिया धुणे बडवायच्या थापी घेऊन पोलिसांपुढे उभ्या राहिल्या. लष्कर ही जमीन कोणत्या पट्ट्याने आणि कोणाला काय भाडे देऊन वापरते, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी प्रांत सरकारच्याच महसुली नोंदींच्या आधारे विचारला.